अपरिहार्य कारणास्तव

पुण्याहून संपादिकाबाईंचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत होतो. अनुवादकाच्या घरी दुपारी चार वाजता याहून मोठं काही चाललेलं नसतं. "सर, पहिली पाच प्रकरणं वाचली. छान झालीयेत," असं त्या म्हणाल्या आणि मी ताट बाजूला सरकवलं, कारण ‘छान झालीयेत’च्या मागोमाग ‘फक्त’ येतो. तो आला. "फक्त एकच. ‘अपरिहार्यपणे’ फार वेळा पडलंय हो. मी मोजलं, एक्केचाळीस. जरा पर्यायी शब्द टाका ना."

यात माझा काही दोष नव्हता. मूळ इंग्रजी पुस्तक माणसानं यशस्वी कसं व्हावं या विषयावरचं. त्या अमेरिकन लेखकाचा ‘इनएव्हिटेबली’ या शब्दावर फार जीव. कष्ट केले की इनएव्हिटेबली यश, चुका केल्या की इनएव्हिटेबली शहाणपण, पहाटे पाचला उठलं की इनएव्हिटेबली सगळंच. मला शब्दामागे पैसे मिळतात आणि हा शब्द आयता हाताशी होता. मी निष्ठेनं बसवत गेलो.

फोन ठेवल्यावर तो शब्द मोठ्यानं म्हणून पाहिला. अ-प-रि-हा-र्य-प-णे. सात अक्षरं. म्हणून संपेपर्यंत जे टळणार नव्हतं ते होऊन गेलेलं असतं. नाशकात मला पन्नास वर्षं होत आली. बुधवारच्या बाजारात, रिक्षात, हळदीत, दहाव्याला, भांडणात, कुठेही हा शब्द मी जित्याजागत्या माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. तो फक्त फळ्यावर राहतो. सभागृहाच्या दाराशी, खडूनं, जरा तिरका: ‘अपरिहार्य कारणास्तव आजचे व्याख्यान रद्द.’ आणि ते कारण फळ्यासमोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. वक्ते कसारा घाटात अडकलेत, किंवा मुंबईहून निघालेच नाहीत, किंवा श्रोते मोजून चार जमलेत आणि त्यातले दोन आयोजकांचे मेहुणे आहेत. म्हणजे ‘अपरिहार्य’चा चालू मराठीतला अर्थ ‘सांगण्यासारखं नाही’ असा आहे. माझ्या अनुवादात त्या बिचाऱ्या अमेरिकन गृहस्थांना सांगण्यासारखं नसलेलं यश एक्केचाळीस वेळा मिळत होतं.

दुसऱ्या दिवशी सावानात गेलो. सावाना म्हणजे सार्वजनिक वाचनालय, नाशिक, १८४० सालचं. नाशिककर एवढं लांब नाव घेत बसत नाही. कोशांच्या कपाटापुढे उभं राहिलं की आपण किती कमी शब्दांत संसार उरकतोय याची लाज वाटते. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ची, मध्ये १८४७ साली त्यानं आणि कँडीसाहेबानं केलेला इंग्रजी-मराठी कोश. शिवाय दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे ते जाडजूड खंड, जे एका हातानं काढता येत नाहीत आणि दोन्ही हातांनी काढले तर चष्मा पडतो. पर्यायी शब्दांचं वेड काही इंग्रजांनी आणलेलं नाही. रॉजेटचा थिसॉरस आला १८५२ मध्ये. आपल्याकडे अमरकोश त्याच्या कैक शतकं आधी होता आणि तो पोरांकडून घोकून घेतला जायचा. एकेका देवाला डझनावारी नावं. देव टाळता येत नसल्यामुळे त्याला पर्याय तरी भरपूर द्यावेत, असा हिशेब असावा.

संध्याकाळपर्यंत वहीत चौदा शब्द जमले. अनिवार्यपणे, अटळपणे, अवश्यमेव, निश्चितपणे, निःसंशय, खचित, खात्रीनं, हमखास, हटकून, नेमकं, न चुकता, ओघानंच, साहजिकच, नक्की. मनात म्हटलं, चला, एक्केचाळीस भागिले चौदा, प्रत्येकाच्या वाट्याला तीन. काम फत्ते.

घरी आल्यावर यादी बायकोला वाचून दाखवली. तिनं कणीक मळता मळताच बहुतेक सगळी यादी मारली. खचित? "खचित आता दागिन्यात. रत्नखचित. बाकी कुठे नाही." निःसंशय? "हा शब्द वापरणाऱ्याचाच संशय येतो." अवश्यमेव? "लग्नपत्रिकेत ‘अवश्य’ असतं ना, ते ज्यांनी नाही आलं तरी चालेल त्यांच्यासाठी असतं. ज्यांनी यायचंच असतं त्यांना फोन करतात." अटळवर ती जरा थांबली. "जे टळत नाही ते अटळ. म्हणजे तुमचे ते वकील मित्र." हे वकील दर रविवारी साडेनऊला येतात आणि वरण-भाताच्या वासापर्यंत बसतात. मी अटळ कापला.

उरले तीन: हमखास, हटकून, नेमकं. हे खरं चालू नाणं. तर म्हटलं हे तीनच आळीपाळीनं टाकू. आणि इथेच गोची झाली, कारण हे तिघे एकमेकांच्या जागी बसेनात.

असं बघा. रविवारी सकाळी नाशकात कुठल्याही बऱ्या ठिकाणी मिसळ हमखास मिळते. सोबत पापडही हमखास येतो, दह्याची वाटी येते, आणि पुण्याचा पाहुणा त्या पापडाकडे ‘हा इथे कशाला?’ अशा नजरेनं पाहतो. तो मात्र हटकून पाहतो. आपण पांढरा सदरा घातलेला असेल तर रश्श्याचा थेंब नेमका खिशावर उडतो. आता शब्द उलटे लावून बघा. ‘मिसळ हटकून मिळते’ म्हटलं की आपल्याला नको असताना मालक मागे लागून खायला घालतो असं वाटतं. ‘थेंब हमखास खिशावर उडतो’ म्हटलं की ती त्या दुकानाची खासियत असून त्यासाठी लोक लांबून येतात असं वाटतं. इंग्रजी माणसाला एवढंच सांगायचं असतं की गोष्ट टळणार नाही. आपल्याला त्याच दमात हेही सांगायचं असतं की ती कुणाच्या सोयीची आहे. आपल्या सोयीची असली तर हमखास. गैरसोयीची, पण सवयीची असली तर हटकून. आणि कुणीतरी वर बसून, आपली दिनदर्शिका समोर ठेवून, मुद्दाम ठरवल्यासारखी गैरसोयीची असली तर नेमकी. गॅसची टाकी कधीही अपरिहार्यपणे संपत नाही. ती नेमकी संपते; घरात पुरणाचा घाट आणि दारात व्याही उभे असताना.

(शेजारच्या काकांचा या सिद्धांताला विरोध आहे. ते म्हणतात, हटकून चांगल्या गोष्टीलाही चालतो. काका हटकून विरोध करतात, यापलीकडे मला काही म्हणायचं नाही.)

‘नक्की’चं काय, तर हा शब्द शब्दकोशातून काढून टाकावा अशा मताचा मी आहे. नावाला तो निश्चिततेचा वाचक. प्रत्यक्षात मराठी माणूस तो शंका आल्यावरच वापरतो. "नक्की येतोय ना?" "नक्की." "नक्की नक्की?" जी गोष्ट खरोखर होणार असते तिच्याबद्दल कुणी नक्की विचारत नाही. "उद्या सूर्य नक्की ना?" असं कुणाला विचारलंय? आणि फोनवर "नक्की कुठे पोचलास?" असा प्रश्न आला, की समोरचा अजून अंघोळीला गेलेला नाही हे विचारणाऱ्यानं ओळखलेलं असतं. बाजारात ‘नक्की’ची पत घसरल्यावर ‘शंभर टक्के’ आले. ते पुरेनात म्हणून ‘एकशे एक टक्के’. सुतार एकशे एक टक्के मंगळवारी येतो म्हणाला की मंगळवारी खुशाल बाहेरगावी जावं.

मग खरंच टळणार नसतं तेव्हा आपला माणूस बोलतो कसं? हे पाहायचं तर आमच्या गंगेवर या. नकाशात गोदावरी, आमच्या तोंडी गंगा.

रामकुंडाजवळ, नदीच्या पात्रात, दुतोंड्या मारुती उभा आहे. दोन तोंडांचा, त्यामुळे आलेलं आणि गेलेलं पाणी दोन्ही पाहण्याची त्याची सोय आहे असा माझा लहानपणीचा समज होता. पावसाळ्यात वर गंगापूर धरण भरत आलं की पाणी सोडतात. मग इतके क्युसेक, तितके क्युसेक अशा बातम्या येतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट हे आम्ही शाळेत शिकलो आणि त्याचा आयुष्यात उपयोग झाला नाही, कारण नाशिककर पूर मारुतीवर मोजतो. मुलगी बंगळूरहून फोन करते तो "किती पाऊस आहे?" असं विचारायला नाही. ती विचारते, "बाबा, मारुती कुठे?"

भांडी बाजारात माझ्या मामांचं दुकान होतं. पितळी पातेल्यांच्या उतरंडी, वर स्टीलचे डबे, गल्ल्याशेजारी पंचांग. पाऊस लागला की मामा पोराला पुलावर पाठवायचे आणि त्या पोराच्या निरोपावर मामांचं व्याकरण ठरायचं. मारुतीच्या गुडघ्याला पाणी: "येईल बहुतेक." हे म्हणताना हातातला हिशेब थांबत नसे. कमरेला: "येईलसं दिसतंय." आता चष्मा कपाळावर जाई. छातीला: "येणार." खालच्या फळीवरची पातेली वरच्या फळीवर चढायला लागत. गळ्याशी: "येणारच आता." वह्या आणि गल्ला मामींकडे, मामी माडीवर. आणि डोक्यावरून गेलं, की मामा काही बोलत नसत; फळ्या लावून पुलाकडे पूर बघायला निघत. सगळं गाव तिथे असे. ज्यांची दुकानं पाण्यात आहेत ते आणि ज्यांची नाहीत ते, दोघेही एकाच उत्सुकतेनं कठड्याला टेकलेले.

मामांच्या पिढीचा मोठा पूर १९६९चा. तो त्यांना इतका पाठ होता की नंतरच्या कुठल्याही पुराला ते पूर म्हणायला तयार नसत. पुढे २००८, २०१६, २०१९ साली मारुती बुडाला तेव्हा मामा नव्हते, पण असते तर "हं, आलंय थोडंसं" म्हणाले असते. पलीकडे नारोशंकराच्या देवळाची घंटा आहे. १७३९ साली वसई घेतल्यावर पोर्तुगिजांकडून आली असं सांगतात. पुराचं पाणी त्या घंटेला लागलं की पूर दांडगा, असं जुनी माणसं म्हणत. आमच्या आत्याचा आवाज वाड्याच्या तिन्ही चौकांत पोचायचा म्हणून तिला नारोशंकराची घंटा म्हणायचे, तो भाग वेगळा.

तर गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या त्या सगळ्या मजल-दरमजलीत मामांनी खात्रीचं एकही क्रियाविशेषण वापरलं नाही. ‘येणार’चं ‘येणारच’ झालं तेव्हा सगळी आळी हलली. एका अक्षरानं.

ही मारुतीची पट्टी मी फोनवर संपादिकाबाईंना समजावून सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "पण सर, पुस्तक तर यशाबद्दल आहे ना?" मी म्हटलं, बाई, यश असो की पूर, मराठीत एकाच पायरीनं चढतं.

खात्री करायला मी निफाड तालुक्यातल्या मेहुण्यांना फोन लावला. कांदा आणि द्राक्ष करणाऱ्या माणसाला टळणाऱ्या-न टळणाऱ्या गोष्टींतलं विद्यापीठ समजायला हरकत नाही. ‘अपरिहार्यपणे’ला तुमच्याकडे काय म्हणतात, असं विचारलं. ते म्हणाले, "म्हणजे काय, ते सांगा आधी." म्हटलं, म्हणजे समजा, चाळीतला उन्हाळ कांदा बाहेर काढला की भाव... पुढचं मला बोलू दिलं नाही. "पडल्याशिवाय राहतो का, दाजी? आपण गोण्या भरल्या की भाव पडल्याशिवाय राहत नाही, आणि आपण विकून मोकळं झालो की चढल्याशिवाय राहत नाही." मग त्यांनी २०२३चं साल काढलं. ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरात सरळ बंदी. मग द्राक्षावर आले. ऑक्टोबरात छाटणी करायची, घड निघायची वेळ आणि अवकाळीची वेळ एक. पाऊस झाला की डावणी, थंडी पडली की भुरी. पहाटे पारा उतरला की बागेत शेकोट्या पेटवा, ठिबक सोडा. त्या शेकोटीचा फोटो पेपरात छापून येतो, खाली ‘निफाडकर गारठले’. "आम्ही हौसेनं शेकत बसलोय असं वाटतं लोकांना," मेहुणे म्हणाले. "पाचवीला पुजलंय हे सगळं."

मी वहीत दोन शब्दप्रयोग टिपून घेतले आणि मटकन खाली बसलो. ‘पडल्याशिवाय राहत नाही.’ दोन नकार एकमेकांवर ठेवले की होकार इतका पक्का होतो, की तो ओलांडून भावाला जायला वाट राहत नाही. त्यातही मेहुण्यांनी तो प्रश्न करून टाकला: ‘राहतो का?’ उत्तर देण्याची जबाबदारी आता ऐकणाऱ्यावर. आणि ‘पाचवीला पुजलंय’ तर याहून वरचं. बाळाच्या पाचवीला पूजा मांडायची, सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर काय ते लिहून जाणार. कोरा कागद आणि दौत-लेखणी ठेवायची पद्धत. मजकुरावर आपला काही अधिकार नाही, पण स्टेशनरी आपली. अमेरिकन लेखकाच्या तिसऱ्या प्रकरणातल्या ‘अपयश हे उद्योजकाच्या वाट्याला इनएव्हिटेबली येते’ या वाक्याला मी तिथल्या तिथे पाचवीला पुजून टाकलं.

गावात आणखी काही गोष्टी पाचवीला पुजलेल्या आहेत. बाहेरून आलेला वक्ता ‘कुसुमाग्रजांच्या या पावन भूमीत’ अशी सुरुवात हमखास करतो. दुसऱ्या वाक्यात द्राक्षं, तिसऱ्यात ‘मंत्रभूमी ते यंत्रभूमी’. प्रवासात कुणाला नाशिक सांगितलं की तो हटकून म्हणणार, "तुमच्याकडे नोटा छापतात ना?" जणू आम्ही घरी जाताना एकेक रीम घेऊन जातो. मग शूर्पणखेचं नाक. ते कापल्याला एक युग लोटलं, पण ओळख निघाली की अजून नवंच.

आणि सिंहस्थ. गुरू सूर्याभोवती बारा वर्षांना जरासा कमी वेळ घेऊन फिरतो, सिंह राशीत येतो, आणि आमच्याकडे कुंभमेळा भरतो. २००३, २०१५, आता २०२७. माणसाच्या हातातली कुठलीही गोष्ट इतकी ठरलेली नाही. मुलांची शाळा, मुलीचं लग्न, डोळ्याचं ऑपरेशन, लोक सिंहस्थाच्या अलीकडे की पलीकडे असं धरून ठरवतात. पण वर्तमानपत्र उघडा: ‘सिंहस्थ तोंडावर’. बारा वर्षं आधी तारीख सांगून येणारा हा एकमेव पाहुणा, आणि तरी दर वेळी तो तोंडावरच येतो. मग रस्ते खणले जातात, सगळे, एकदम, आणि नेमका आपल्या घरासमोरचा आधी. इथल्या द्वारका चौकात रिक्षात तासभर बसलो होतो तेव्हा रिक्षावाल्याला विचारलं, हे असं दर वेळी का हो? तो मागे न वळता म्हणाला, "होणारच ना भाऊ." पुन्हा तेच अक्षर.

तेव्हा मी यादी फाडली आणि ‘च’ घेऊन बसलो.

हा ‘च’ दिसायला शब्दाच्या शेपटीला चिकटलेलं गोचीड, पण जागा बदलली की माणूस बदलतो. मी कोथिंबीर आणायला जाताना बायको म्हणते, "तुम्ही कोथिंबीर विसरणारच." हे भविष्य, यात राग नाही, कीव आहे. परत आल्यावर म्हणते, "तुम्हीच कोथिंबीर विसरणार." हा आरोप, यात माझ्या शेजारी, न विसरणारे सगळ्या जगाचे नवरे उभे केले जातात. आणि परवा पिशवी उपडी करून म्हणाली, "तुम्ही कोथिंबीरच विसरणार." हा निकाल, आलं, लिंबू, मिरच्या सगळं येतं आणि ती तेवढी राहते, म्हणजे यात काही तरी अभ्यास आहे. तिन्ही वाक्यांत शब्द तेच. अमेरिकेच्या त्या गृहस्थांना या तीन गोष्टी सांगायला तीन प्रकरणं लागली असती.

अडचण एकच निघाली. प्रत्येक वाक्यात ‘च’ कुठे लावायचा हे ठरवायला मला आता वाक्यागणिक अर्धा तास लागतो. ‘कष्ट केले की यश मिळतंच’, की ‘कष्ट केलेच की यश मिळतं’, की ‘यशच मिळतं’? एका ठिकाणी लेखक आशा दाखवतोय, दुसऱ्या ठिकाणी धमकी देतोय, तिसऱ्या ठिकाणी पैसे मिळत नाहीत असं सुचवतोय. त्याला स्वतःला यातलं काय म्हणायचं होतं हे त्याला माहीत असण्याची शक्यता कमी. बायको येता-जाता डोकावते, "एवढं काय बघता त्या कागदात, पडला का एखादा ‘च’?" आणि मटार पुढ्यात ठेवून जाते.

परवा संपादिकाबाईंचा पुन्हा फोन आला.

"सर, उरलेली प्रकरणं शुक्रवारी नक्की ना?"

"नक्की," मी म्हटलं.

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्यांनी आवाज जरा खाली आणला.

"सर, मारुती कुठे?"

मी टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं, मटारांकडे पाहिलं. एक्केचाळीसपैकी सातावर होतो.

"गुडघ्याला."

"हं," त्या म्हणाल्या, "मग दिवाळीनंतरच."